चार सेन्सर एकाच दिवशी बिघडत नसतात: गाडीतल्या पाच व्होल्टच्या पुरवठ्याचं निदान

समजा तुमच्यासमोर एक गाडी आहे. चेक इंजिनचा दिवा लागलाय, अॅक्सिलरेटर दाबला तरी इंजिन वर चढत नाही, आणि स्कॅनर लावल्यावर एकदम चार कोड दिसतात: पी०१०७, पी०१२२, पी०१९२, पी०५३२. म्हणजे अनुक्रमे मॅनिफोल्डचा दाब, थ्रॉटलची स्थिती, इंधनाच्या रेलमधला दाब आणि एसीच्या गॅसचा दाब. चारही सेन्सरचं सिग्नल 'प्रमाणाबाहेर कमी' आहे असं ईसीयू सांगतोय. आता काय कराल?

गॅरेजमध्ये बऱ्याचदा पहिल्या कोडचा सेन्सर बदलला जातो. मग दुसरा. मग कोणीतरी म्हणतं, 'ईसीयूच गेला असणार', आणि मालकाच्या खिशाला मोठं भगदाड पडतं. आपण संशोधनाकडे निघालेली माणसं आहोत, तर आपण आधी वेगळा प्रश्न विचारू: या चार सेन्सरांमध्ये सामायिक काय आहे? इंजिनच्या चार कोपऱ्यांत बसलेले, वेगवेगळ्या गोष्टी मोजणारे चार सुटे भाग एकाच सकाळी स्वतंत्रपणे मरण्याची शक्यता फारच कमी. पण ते एकाच पाच व्होल्टच्या तारेवर जगत असतील आणि ती तारच खाली बसली असेल, तर चारही कोड एका फटक्यात समजतात.

माझ्या पीएचडीचा विषय सेन्सरमधले दोष ओळखणं हा आहे. त्यात हा पुरवठ्याचा दोष मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो दिसायला सोपा आणि गणितात लबाड आहे. शिवाय दोषनिदानाच्या विषयात पीएचडीच्या मुलाखतीला जाणार असाल, तर 'शोधणं' आणि 'वेगळं करणं' यांतला फरक समजावून सांगायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

पाच व्होल्ट येतात कुठून?

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची म्हणतात, पण ते नावापुरतं. इंजिन चालू असताना तीच लाइन १४ व्होल्टच्या आसपास असते, स्टार्टर फिरताना बरीच खाली येते, हेडलाइट लावले की हलते. अशा डगमगत्या पुरवठ्यावर मोजमाप करता येत नाही. म्हणून ईसीयू आपल्या पोटात एक स्थिर पाच व्होल्ट तयार करतो आणि तेच बाहेरच्या सेन्सरांना पुरवतो. यालाच सेन्सर रेफरन्स व्होल्टेज म्हणतात.

एका साध्या दाब-सेन्सरला तीन तारा असतात: पाच व्होल्ट, सेन्सर ग्राउंड आणि सिग्नल. यातली ग्राउंडची तार गाडीच्या बॉडीला जोडलेली नसते, ती ईसीयूपर्यंत परत जाते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बहुतेक ईसीयूमध्ये असा एकच पुरवठा नसतो, दोन किंवा तीन असतात, आणि त्यांना 'ए', 'बी', 'सी' अशी नावं असतात. त्यांच्या दोषांचे कोड एसएई जे२०१२ या मानकात ठरलेले आहेत. 'ए' साठी पी०६४१ ते पी०६४३, 'बी' साठी पी०६५१ ते पी०६५३, आणि 'सी' साठी पी०६९७ ते पी०६९९. प्रत्येक त्रिकुटातला मधला कोड म्हणजे व्होल्टेज कमी, शेवटचा म्हणजे जास्त. ईसीयूच्या आत मुख्य पाच व्होल्टचा एक रेग्युलेटर असतो, आणि सेन्सरांकडे जाणाऱ्या प्रत्येक लाइनवर बऱ्याचदा एक 'ट्रॅकर' बसवलेला असतो. हा ट्रॅकर मुख्य पाच व्होल्टची काही मिलिव्होल्टच्या फरकाने नक्कल करतो. बाहेरची तार कुठे ग्राउंडला चिकटली, तर ट्रॅकर मान टाकतो पण आतला प्रोसेसर जिवंत राहतो. म्हणूनच तर स्कॅनरला उत्तर द्यायला ईसीयू शिल्लक असतो! या ट्रॅकरची ताकद मात्र बेताची असते, ५० मिलिअँपिअरपासून काहीशे मिलिअँपिअरपर्यंत. त्या लाइनवर टेस्ट लॅम्प लावून 'करंट आहे का' बघणं त्यामुळे चुकीचं. तो बल्बच लाइन खाली ओढेल आणि नसलेला दोष तुम्हाला दाखवेल.

गुणोत्तराची गंमत

आता मुख्य मुद्दा. हे सेन्सर बहुधा रेशिओमेट्रिक असतात, म्हणजे त्यांचं आउटपुट हे पुरवठ्याचा ठरावीक हिस्सा असतं. एमपीएक्स४११५ हा पूर्वी मोटोरोलाचा आणि नंतर एनएक्सपीचा झालेला दाब-सेन्सर घ्या. त्याच्या डेटाशीटमधलं सूत्र असं:

आउटपुट = पुरवठा × (०.००९ × दाब − ०.०९५), दाब किलोपास्कलमध्ये.

पुरवठा नेमका ५ व्होल्ट आणि दाब १०० किलोपास्कल असेल तर कंसातली किंमत ०.८०५ येते आणि आउटपुट ४.०२५ व्होल्ट. कंसातल्या या किमतीला आपण 'र' म्हणू, म्हणजे गुणोत्तर. खरी माहिती या 'र' मध्ये आहे, व्होल्टमध्ये नाही.

ईसीयूमधला अॅनालॉग-डिजिटल कन्व्हर्टरसुद्धा सिग्नलला कशाने तरी भागूनच आकडा काढतो. तो त्याच पाच व्होल्टने भागत असेल तर पुरवठा ४.९ झाला काय किंवा ५.१ झाला काय, वर-खाली तोच घटक येतो आणि कटतो. फार देखणी रचना आहे ही. पण तिच्यात एक गोम आहे. सेन्सरला मिळणारे पाच व्होल्ट आणि कन्व्हर्टर ज्याने भागतो ते पाच व्होल्ट एकच आहेत, तोवरच हे खरं. ट्रॅकर खाली बसला, किंवा ईसीयूपासून सेन्सरपर्यंतच्या तारेत कुठे गंजलेला जोड असला, की वरचा आकडा घटतो आणि खालचा तसाच राहतो.

करून बघू. सेन्सरला ५ ऐवजी ४.५ व्होल्टच मिळतायत. खरा दाब १०० असताना आउटपुट येईल ३.६२ व्होल्ट. ईसीयू त्याला ५ ने भागतो आणि उलटं सूत्र वापरतो: सुमारे ९१ किलोपास्कल. पावसाळ्यात मुंबईत हवेचा दाब साधारण १०० किलोपास्कल असतो. तर गाडी दादरला उभी आहे, आणि ईसीयूला वाटतंय आपण आठशे-नऊशे मीटर उंचीवर, लोणावळ्याच्याही वर आहोत. (हा सेन्सर ४.८५ ते ५.३५ व्होल्टमध्येच रेशिओमेट्रिक वागण्याची हमी डेटाशीट देते, त्यामुळे ४.५ ला हे सूत्र अंदाजापुरतं धरा. मॉडेलची वैधता कुठे संपते हे आधी बघायची सवय लावून घ्या, परीक्षक हमखास तिथेच बोट ठेवतात.)

परिणाम काय? दाबावरून हवेचं वस्तुमान काढणाऱ्या इंजिनात हवा कमी दिसली की इंधन कमी सोडलं जातं. मग ऑक्सिजन सेन्सर ओरडतो आणि ईसीयू फ्युएल ट्रिम वाढवून सुमारे दहा टक्के इंधन परत भरून काढतो. गाडी चालत राहते, कोड येत नाही. फक्त सुरुवातीला, थंड इंजिनवर, ऑक्सिजन सेन्सर अजून कामाला लागलेला नसताना, ती रडत चालते. मालक म्हणतो 'सकाळी जरा त्रास देते', आणि मिस्त्री इंजेक्टर साफ करून देतो.

मग पी०६४२ का येत नाही? कारण ईसीयू पुरवठ्याचं व्होल्टेज स्वतःच्या पिनजवळ तपासतो. दोन मीटर लांब असलेल्या जोडावर काय हरवलं ते त्याला दिसत नाही. कोड नाही म्हणजे पुरवठा ठीक, असा निष्कर्ष काढायचा नाही.

पुरवठा की ग्राउंड?

इथे माझ्या आवडीचा भाग येतो. वर म्हटलं तसं सेन्सरला परतीची तारही असते, आणि रोध तिच्यातही येऊ शकतो. मग सेन्सरचं 'शून्य'च वर उचललं जातं. पुरवठ्याकडे हरवलेल्या व्होल्टेजला 'प' म्हणा आणि ग्राउंडकडे हरवलेल्याला 'ग'. सेन्सरला प्रत्यक्षात मिळतात ५ − प − ग, आणि त्याचं आउटपुट 'ग' पासून मोजायला सुरुवात होते. थोडी आकडेमोड केली की सिग्नलमधली त्रुटी अशी येते:

त्रुटी = ग − र × (प + ग)

ही सरळ रेषा आहे. 'र' शून्याजवळ असताना जी त्रुटी उरते ती निव्वळ ग्राउंडची, आणि 'र' एकजवळ असताना जी दिसते ती निव्वळ पुरवठ्याची. म्हणजे पुरवठा खराब असेल तर मॅनिफोल्डचा दाब जास्त असताना, थ्रॉटल पूर्ण उघडा किंवा इंजिन बंद असताना, चूक सगळ्यात मोठी. ग्राउंड खराब असेल तर उलट, आयडलला चूक मोठी. ग्राउंडमध्ये ०.२ व्होल्ट हरवले तर १०० किलोपास्कलला वाचन फक्त ०.९ ने चुकतं, पण ३५ किलोपास्कलला ३८.५ दिसतं. आणि दिशाही विरुद्ध, पुरवठ्याचा दोष वाचन कमी करतो, ग्राउंडचा वाढवतो.

यातून संशोधनाच्या दृष्टीने काय हाती लागतं ते बघा. गाडी नुसती आयडलवर ठेवून तासभर डेटा गोळा केलात तर 'र' जवळजवळ एकाच जागी राहतो. समीकरण एक, अनोळखी दोन. तुम्ही कितीही भारी न्यूरल नेटवर्क लावा, 'प' आणि 'ग' वेगळे होणार नाहीत, कारण ती माहिती डेटामध्ये नाहीच. त्रुटी आहे एवढं कळेल, म्हणजे दोष सापडला. पण तो कुठे आहे हे कळायला किमान दोन वेगळे कार्यबिंदू हवेत. किल्ली चालू पण इंजिन बंद ही स्थिती फुकटात मिळणारा एक बिंदू आहे, कारण तेव्हा मॅनिफोल्डमध्ये वातावरणाचाच दाब असतो आणि खरी किंमत तुम्हाला स्वतंत्रपणे माहीत असते.

याच कारणासाठी मला एका पद्धतीचा राग येतो. बऱ्याच विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत 'पुरवठ्याचा दोष' तयार करायचा म्हणजे निरोगी गाडीच्या डेटामधला एक कॉलम घ्यायचा, त्याला ०.९ ने गुणायचं, आणि मॉडेलने तो ओळखला की ९८ टक्के अचूकता म्हणून मिरवायचं. अहो, खऱ्या गाडीत तसं एकटं काही बिघडत नाही! पुरवठा खाली आला की त्या लाइनवरचे सगळे सेन्सर एकदम वाकतात, त्यामुळे ईसीयूचे निर्णय बदलतात, इंधन बदलतं, ट्रिम बदलते. दोष घालायचाच असेल तर तारेत रोधक घाला, एक्सेलमध्ये गुणाकार नको. तुमच्या मॉडेलने जे शिकायला हवं ते 'हा आकडा लहान आहे' हे नाही, 'हे चौघे एकत्र वाकले आणि पाचवा, दुसऱ्या लाइनवरचा, सरळ राहिला' हे आहे.

पेडलला दोन पुरवठे कशासाठी

अॅक्सिलरेटर पेडलमध्ये दोन सेन्सर असतात हे तुम्ही वाचलं असेल. अनेक पेडलांत एकाचं सिग्नल दुसऱ्याच्या दुप्पट असतं, आणि ईसीयू सतत तपासतो की पहिलं हे दुसऱ्याच्या दुप्पट आहे ना. नसेल तर पी२१३८. आता दोघांनाही एकाच तारेने पुरवठा दिलाय आणि ती तार दहा टक्के खाली आली असं धरा. दोन्ही सिग्नल दहा टक्क्यांनी घटतील. पहिलं अजूनही दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट! तपासणी पास. दोन साक्षीदार एकमेकांशी तंतोतंत जुळतात आणि दोघेही खोटं बोलतात.

म्हणून पेडलच्या दोन सेन्सरांना शक्यतो वेगवेगळा पुरवठा आणि वेगवेगळं ग्राउंड देतात, एकूण सहा तारा. आयएसओ २६२६२ हे मोटारींच्या कार्यात्मक सुरक्षिततेचं मानक २०११ मध्ये आलं आणि २०१८ मध्ये सुधारलं गेलं. त्यात 'परस्परावलंबी बिघाड' हा जो विषय आहे, तो हाच. साक्षीदार किती आहेत यापेक्षा ते एकाच घरात जेवतात का, हे बघायचं.

प्रत्यक्ष निदान

परत आपल्या चार कोडांच्या गाडीकडे. पहिलं काम म्हणजे वायरिंगचा नकाशा काढणं आणि कोणता सेन्सर कोणत्या पुरवठ्यावर आहे ते लिहिणं. नकाशाशिवाय हे करायला जाऊ नका. इथे एक फसवणूक आधीच सांगून ठेवते: कूलंटच्या तापमानाच्या दोन तारांच्या सेन्सरचा प्लग काढला तरी तिथे पाच व्होल्ट दिसतात, पण ते या पुरवठ्याचे नव्हेत. ते ईसीयूच्या आतल्या रोधकातून सिग्नलच्या तारेवर आलेले असतात. तिथे पाच व्होल्ट बघून 'रेफरन्स ठीक आहे' म्हणू नका.

मग मल्टिमीटर. मोजायचं ते सेन्सरच्या प्लगवर, पाच व्होल्टची पिन आणि सेन्सर ग्राउंडची पिन यांच्यात. नंतर काळी प्रोब बॅटरीच्या ऋण टोकावर नेऊन पुन्हा एकदा. दोन वाचनांत फरक पडला तर ग्राउंडकडे काहीतरी शिजतंय. तारेचं आवरण टोचून मोजू नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि पुढच्या पावसाळ्यात तुम्हीच केलेला दोष कोणीतरी शोधत बसतं. कनेक्टरच्या मागून बारीक प्रोब घाला.

व्होल्टेज पूर्ण बसलेलं असेल, समजा ०.३ व्होल्ट, तर मीटर लावून ठेवा आणि त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून सोडवा. एखादा प्लग काढल्यावर पाच व्होल्ट उसळी मारून परत आले तर चोर सापडला. काही ईसीयू शॉर्ट दिसल्यावर ती लाइन बंदच करून ठेवतात, म्हणून प्रत्येक प्लगनंतर किल्ली बंद-चालू करून बघा. सुरुवात कुठून करायची? मी एसीच्या प्रेशर सेन्सरपासून करेन, अर्थात तो त्याच लाइनवर असेल तर. तो बऱ्याच गाड्यांत पुढे, कंडेन्सरच्या बाजूला असतो. खडी, चिखल, पाणी सगळं आधी त्याच्या अंगावर. इंजिन चालायला या सेन्सरची काही गरज नसते, पण तो आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचा पुरवठा घेऊन बुडतो, आणि एसीमुळे गाडी बंद पडली यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

सगळे सेन्सर सोडवूनही लाइन खालीच असेल तर संशय तारेवर. किल्ली बंद, बॅटरी सोडवलेली, ईसीयूचा कनेक्टर काढलेला, आणि मग त्या तारेचा ग्राउंडशी रोध. ब्रॅकेटला घासलेली जागा किंवा उंदराने कुरतडलेला भाग इथे पकडला जातो. तार स्वच्छ निघाली, आणि ती एकच पिन मोकळी ठेवून ईसीयू चालू केल्यावरही पिनवर पाच व्होल्ट नसतील, ईसीयूचा स्वतःचा बारा व्होल्टचा पुरवठा आणि ग्राउंड मात्र ठीक असतील, तरच ईसीयूला दोष द्यायचा. क्रमाने तो शेवटी येतो.

उलटा प्रकार जास्त त्रासदायक. प्लग काढून मोजलं तर छान पाच व्होल्ट, आणि तरी सेन्सर चुकतोय. कारण मल्टिमीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम असतो, त्यातून करंट जवळपास वाहतच नाही. गंजलेल्या जोडाचा रोध १०० ओहम असला तरी मीटरला पूर्ण पाच व्होल्ट दिसतील. सेन्सर मात्र ७ मिलिअँपिअर ओढतो, आणि १०० ओहममध्ये ०.७ व्होल्ट गडप होतात. म्हणून प्लग जोडलेला असताना मोजा, किंवा तिथे ५०० ओहमचा रोधक लावून १० मिलिअँपिअरचा भार द्या आणि मग मोजा. मध्येच येणाऱ्या-जाणाऱ्या दोषासाठी मल्टिमीटर पुरत नाही, तो सेकंदाला मोजकीच वाचनं दाखवतो. ऑसिलोस्कोप लावून वायरिंग हलवत राहा.

घरी करून बघा

गाडी नसली तरी चालेल. अर्डुइनो उनो, ५ किलोओहमचा पोटेन्शिओमीटर, ६८० ओहमचा एक आणि १०० ओहमचे दोन रोधक घ्या. पोटेन्शिओमीटरची दोन टोकं ५ व्होल्ट आणि ग्राउंडला, मधली पिन ए० ला. ६८० ओहमचा रोधक त्याच्या दोन टोकांना समांतर, म्हणजे तो खऱ्या सेन्सरइतका करंट ओढेल. नॉब मध्यावर ठेवलात तर वाचन ५१२ च्या आसपास येईल. यूएसबीचा पुरवठा ४.७ झाला तरी ते हलणार नाही, कारण उनो स्वतःच्या पाच व्होल्टनेच भागतो.

आता ५ व्होल्टच्या तारेत १०० ओहम घाला. मध्यावर ४३८ च्या जवळ, वरच्या टोकाला १०२३ ऐवजी ८७७ च्या जवळ, खालच्या टोकाला तेच शून्य. तो रोधक काढून ग्राउंडच्या तारेत घाला. मध्यावर ५८५, वर पूर्ण १०२३, खाली शून्याऐवजी १४५ च्या आसपास. वरची सरळ रेषा तुमच्या टेबलावर.

मग दोन्ही तारांत एकेक १०० ओहम घाला, पण आकडा बघायच्या आधी तो कागदावर काढा. दोन्ही तारा सडलेल्या, सेन्सरला पाचऐवजी पावणेचार व्होल्ट मिळतायत, आणि नॉब बरोबर मध्यावर असताना वाचन येतं ५१२.